एकेचाळिसाव्या वर्षी अरंगेत्रम् : करावे की करू नये?

अरमंडी :

नमस्कार. मला अरंगेत्रम् करावे का, म्हणजे भरतनाट्यम् नर्तिकेचा पहिला सबंध जाहीर कार्यक्रम करावा का, याबद्दल या धाग्यावर सल्ला हवा आहे आणि तो देणाऱ्यांना माझी पार्श्वभूमी ठाऊक असावी, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. नऊ वर्षांची असताना मी भरतनाट्यम् शिकू लागले. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत मध्यमा पूर्णपर्यंत पोहोचले आणि विशारद प्रथमचा अर्ज भरायचा त्याच सुमारास बारावी आली. ती बारावी पुढे सोळा वर्षे चालली असे म्हणायला हरकत नाही. चौतिसाव्या वर्षी पुन्हा वर्गात गेले, तेव्हा ताईंनी मला पहिल्या 'तैया तै'पासून सुरुवात करायला लावली आणि माझ्या दोन्ही बाजूंना अकरा-अकरा वर्षांच्या मुली उभ्या होत्या. त्याला आता सात वर्षे झाली. मधल्या काळात विशारद पूर्ण झाले. गेल्या महिन्यात तास संपल्यावर मी घुंगरांचे पट्टे सोडत बसले होते, तेव्हा ताई सहज म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तुझे अरंगेत्रम् करू या."

मी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. पहिली अडचण वयाची आहे. आमच्या वर्गातल्या मुलींचे अरंगेत्रम् दहावीच्या आधी किंवा लगेच नंतर होते, आणि माझी स्वतःची मुलगी या वर्षी आठवीत आहे. दुसरी अडचण दमाची आहे. अलारिप्पू, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम्, तिल्लाना असा सबंध मार्गम्, म्हणजे कार्यक्रमाचा ठरलेला क्रम, दोन तासांचा होतो आणि आज माझे नुसते वर्णम्, म्हणजे त्यातली सर्वांत लांब रचना, संपते तेव्हा मला बोलता येत नाही. तिसरा प्रश्न मात्र मला खरोखर पडलेला आहे. विशारद झाल्यावर अरंगेत्रम् नेमके कशासाठी करायचे? परीक्षा तर झाली, प्रमाणपत्र कपाटात आहे. मग हा समारंभ आहे, दीक्षा आहे की आणखी काही? ताईंना विचारले तर त्या म्हणतात की ते केल्यावर कळते. मला आधी कळायला हवे आहे.

तिसरी घंटा :

आपला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असल्यामुळे तिथूनच सुरुवात करतो. तमिळमध्ये 'अरंगु' म्हणजे रंगमंच आणि 'एट्रम्' म्हणजे चढणे. आपल्याकडे निमंत्रणपत्रिकेवर 'रंगप्रवेश' असे छापतात, परंतु मूळ शब्दात प्रवेशापेक्षा चढणे आहे, आणि हा फरक मला बोलका वाटतो.

ही कल्पना फार जुनी आहे. 'सिलप्पदिकारम्' या तमिळ महाकाव्याचा एक सबंध सर्ग माधवी या नर्तकीच्या अरंगेत्रम्‌वर आहे. ती पाचव्या वर्षी शिकायला बसते आणि सात वर्षांनी, बाराव्या वर्षी, चोळ राजासमोर रंगमंचावर येते. कवी तिच्या आधी तिच्या साथीदारांचे वर्णन करतो. नृत्याचा गुरू, गायक, कवी, मृदंग वाजवणारा, बासरी वाजवणारा, याळ हे तंतुवाद्य वाजवणारा यांपैकी प्रत्येकाला काय काय यायला हवे हे तो सांगतो. मग बांबूच्या मोजपट्टीने रंगमंच मोजला जातो : सात दांड्या रुंद, आठ दांड्या लांब आणि एक दांडी उंच. नृत्य झाल्यावर राजा तिला 'तलैक्कोली' ही पदवी आणि एक हजार आठ कळंजू (जुने वजन) सोन्याच्या मोलाचा हार देतो. म्हणजे त्या काळी अरंगेत्रम् ही चक्क नेमणूक होती. त्या दिवसापासून ती मुलगी व्यावसायिक कलावंत गणली जात असे.

पुढच्या काळातही हा धागा सुटत नाही. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावरील राजराज चोळाच्या शिलालेखात सुमारे चारशे नर्तकींची नावे, त्यांच्या घरांचे क्रमांक आणि प्रत्येकीला वर्षाकाठी मिळणारे शंभर कलम (तिथले माप) धान्य यांची नोंद आहे. कलेइतकाच तो पोटापाण्याचाही हिशेब होता. देवदासी परंपरेतल्या घराण्यांत पहिले जाहीर नृत्य विसाव्या शतकापर्यंत याच अर्थाने होत होते. नर्तिका बालसरस्वती यांचे अरंगेत्रम् १९२५ साली कांचीपुरमच्या देवळात झाले तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या, आणि त्यांचे गुरू कंदप्पा पिळ्ळै हे तंजावरच्या ज्या चार बंधूंनी आजचा मार्गम् बसवला त्यांच्याच वंशातले होते.

वयाचे म्हणाल तर रुक्मिणीदेवी अरुंडेल १९३५च्या डिसेंबरात अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीच्या सोहळ्यात पहिल्यांदा भरतनाट्यम् सादर करायला उभ्या राहिल्या, तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या. दुसऱ्याच वर्षी त्यांनी कलाक्षेत्र या नृत्यसंस्थेची स्थापना केली. देवदासी कुटुंबांबाहेरच्या स्त्रीने हे नृत्य रंगमंचावर आणणे हे त्या काळी वयापेक्षा कितीतरी मोठे धाडस होते. आपली मुलगी आठवीत आहे, एवढ्यावर अडून राहू नये.

विशारद आणि अरंगेत्रम् यांतला फरक मी परीक्षक म्हणून बसलो असताना मला दिसला. परीक्षेत मुलीचे वर्णम् रंगू लागते आणि आम्ही घड्याळ पाहून म्हणतो, "पुरे, आता जतिस्वरम् दाखवा." तिला वर्णम् येते की नाही एवढेच आम्हाला तपासायचे असते. अरंगेत्रम्‌मध्ये तिला कोणीही थांबवत नाही.

कथ्थकी :

शेवटचे वाक्य वाचून थांबले. आमच्या कथकात अरंगेत्रम् मुळातले नाही. अलीकडे 'रंगमंच प्रवेश' या नावाने तसे कार्यक्रम होऊ लागले आहेत. पूर्वी शिष्या आधी गुरूंच्या कार्यक्रमात पाच-दहा मिनिटे नाचत असे आणि तिची वेळ हळूहळू वाढत जात असे. मला ती पद्धत अधिक दयाळू वाटते. एकाच संध्याकाळी सगळा भार का टाकायचा?

मृदंगवाला :

भार टाकण्याचे कारण वर्णम् आहे. मी गेली अनेक वर्षे अरंगेत्रम्‌ना साथ करतो, म्हणून वाजवणाऱ्याच्या जागेवरून दिसते ते लिहितो.

वर्गात मुली ध्वनिमुद्रणावर नाचतात. ध्वनिमुद्रण कोणाची वाट पाहत नाही, हे सगळे जाणतात. त्याहून मोठी अडचण अशी की त्याच्याकडे लक्ष द्यावे लागत नाही. ते दर वेळी जसेच्या तसे येते, त्यामुळे शरीर ते पाठ करते आणि कान झोपी जातात. मग पहिल्या तालमीला गायिका एखादी ओळ तीनऐवजी चार वेळा म्हणते आणि नर्तिका चौथ्या ओळीला हातात काहीच नसल्यासारखी उभी राहते. संचारीत, म्हणजे एकाच ओळीचा भाव अभिनयाने फुलवताना, ती ओळ किती वेळा म्हणायची हे आधी ठरवून ठेवलेले नसते. नर्तिकेचा भाव पुरा होईपर्यंत गायिका ती म्हणत राहते आणि भाव पुरा झाला हे तिला नर्तिकेच्या मानेवरून कळते. हे देणेघेणे अंगवळणी पडायला दहा मिनिटांचा तुकडा पुरत नाही. त्यासाठी पाऊण तासाचे वर्णम् लागते आणि ज्यांच्याशी हे देणेघेणे करायचे ती चार माणसे समोर लागतात.

लयीबद्दल एक उदाहरण देतो. आदि तालात एका मात्रेला चार अक्षरे धरली तर अर्ध्या आवर्तनात सोळा अक्षरे बसतात. 'तधिगिणतोम' हा पाच अक्षरांचा बोल तीनदा घेतला की पंधरा होतात, म्हणजे सुरुवातीला एक अक्षर सोडावे लागते. कागदावर हे तिसरीतल्या मुलालाही कळेल. रंगमंचावर मात्र ते एक अक्षर सोडणे जगातले सर्वांत अवघड काम असते, कारण छाती भात्यासारखी चालू असते आणि पाय तर आधीच सुटलेले असतात. नवी नर्तिका जिथे चुकते तिथे दहापैकी नऊ वेळा ती लवकर आलेली असते. उशिरा आलेली मी क्वचितच पाहिली आहे.

म्हणून एवढेच सुचवतो : शेवटचे तीन महिने ध्वनिमुद्रण बंद करा आणि ताईंच्या तट्टुकळीवर (ताल देण्याच्या लाकडी काठीवर) आणि तोंडी बोलांवर नाचा. वादकांबरोबर निदान तीन तालमी करा. दोन तालमींत फक्त चुका सापडतात; त्या मिटायला तिसरी लागते.

खर्चिक पालक :

या चर्चेत थोडा कडवटपणा आणतो आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. माझ्या मुलीचे अरंगेत्रम् दोन वर्षांपूर्वी झाले. शहर आणि वर्ग यांची नावे लिहिणार नाही. होकार देताना आम्हाला वाटले होते की सभागृह आणि वादक एवढाच खर्च असेल. मग चेन्नईहून वादक येणार म्हणून त्यांचा प्रवास आणि राहण्याची सोय आली, तीन पोशाख आले, दागिन्यांचा नवा संच आला, गुळगुळीत कागदावरची आठ पानी पत्रिका आली, दोन छायाचित्रकार आले, आणि शेवटी पाहुण्यांना जेवण व परतीची भेट आली. त्यासाठी मी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले. लग्न म्हणून दोन चुलत्यांनी आहेराची पाकिटेही आणली, यात त्यांचा काही दोष नाही.

परंतु माझी खरी तक्रार पैशांची नाही. वर्णम् झाल्यावर मुलगी पोशाख बदलायला आत गेली आणि बाहेर प्रमुख पाहुण्यांची भाषणे सुरू झाली. ती चाळीस मिनिटे चालली. मी आत गेलो तेव्हा ती नवा पोशाख घालून खुर्चीच्या कडेला बसली होती. पाठीवरच्या लांब वेणीमुळे टेकता येत नव्हते आणि आलता लागेल म्हणून हात मांडीवर ठेवता येत नव्हते. पोटऱ्या थंड पडून कडक झाल्या होत्या. त्यानंतरचे पदम् ती कसेबसे नाचली आणि तिल्लान्यात तिच्या पायात गोळा आला. आज ती महाविद्यालयात आहे आणि त्या दिवसानंतर वर्गात गेलेली नाही. अरंगेत्रम् म्हणजे चढणे, हे वर वाचले. आमच्याकडे तो उतरण्याचा दिवस ठरला.

तिसरी घंटा :

हे वाचून वाईट वाटले. या गोष्टी सर्रास होतात आणि आम्ही जुनी मंडळी व्यासपीठावर बसून त्यांत भर घालतो, हे मान्य करायला हवे. बालसरस्वतींनी १९७५ साली तमिळ इसै संगमच्या अध्यक्षीय भाषणात मार्गम्‌ची तुलना देवळाशी केली होती. अलारिप्पू हे गोपुर, जतिस्वरम् हा अर्धमंडप, शब्दम् हा महामंडप, वर्णम् म्हणजे देवाचे सान्निध्य, त्यानंतर पदे म्हणजे गाभाऱ्यातली थंड शांतता, आणि तिल्लाना म्हणजे कापूरआरतीचा गजर. एकदा ही तुलना मनात ठसली की वर्णम् आणि पदम् यांच्यामध्ये ध्वनिक्षेपक आणणे म्हणजे काय, हे निराळे सांगावे लागत नाही. गाभाऱ्याच्या उंबरठ्यावर कोणी शाल-श्रीफळ वाटत बसत नाही.

सत्कार करायचेच असतील तर ते अलारिप्पूच्या आधी किंवा मंगळम् झाल्यावर करावेत. पोशाख एकच ठेवावा. वेणीत गजरा नवा माळायला चार मिनिटे पुरतात, आणि तेवढ्या वेळात व्हायोलिनवादकाला एखादा राग वाजवू द्यावा.

भक्तिभाव :

सर्वांचे प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत. मला फक्त आशयाबद्दल बोलायचे आहे. भरतनाट्यम् ही देवाची पूजा आहे आणि अरंगेत्रम् हे त्या पूजेतले पहिले पुष्प. अशा प्रसंगी शृंगारप्रधान वर्णम् निवडण्याऐवजी निखळ भक्तीची रचना निवडावी, विशेषतः प्रेक्षकांत सासर-माहेरची वडीलधारी मंडळी असताना.

अरमंडी :

आपला मुद्दा मला थेट लागू होतो, कारण ताईंनी माझ्यासाठी भैरवीतले 'मोहमान' हे वर्णम् निवडले आहे. आपल्या हिंदुस्थानी भैरवीची सवय असलेल्या कानाला कर्नाटक भैरवी पहिल्यांदा ऐकताना गोंधळ होतो. तिथला ऋषभ शुद्ध आहे आणि धैवत दोन्ही लागतात. हे तंजावर बंधूंचे वर्णम् असून त्यातली नायिका तिरुवारूरच्या त्यागेशाला, म्हणजे शिवाला, म्हणते की माझे मन तुझ्यावर जडलेले असताना तू अशा वेळी माझ्यापासून तोरा धरून बसावेस का. मी जेव्हा जेव्हा ही ओळ नाचते तेव्हा मला लाज न वाटता राग येतो, आणि तो राग दाखवता येऊ लागल्यावरच ताई पहिल्यांदा माझ्या अभिनयाला "हं" म्हणाल्या. चौदाव्या वर्षी मला ही ओळ शिकवली असती तर मी डोळे मिचकावून मोकळी झाले असते.

तिसरी घंटा :

भक्तिभाव, आपला हेतू चांगला आहे, परंतु इतिहास थोडा वेगळा आहे. मंदिर, राजदरबार आणि धनिकांचा दिवाणखाना या तिन्ही ठिकाणी हेच नृत्य, याच स्त्रिया आणि बऱ्याचदा याच रचना सादर करत होत्या. भक्ती एका कप्प्यात आणि शृंगार दुसऱ्या, अशी वाटणी नंतरची आहे. देवदासी प्रथेविरुद्ध चळवळ झाली, १९४७ साली मद्रास प्रांतात मुली देवाला वाहण्यावर कायद्याने बंदी आली, आणि त्याच दोन दशकांत ही कला शहरी मध्यमवर्गाच्या घरी पोहोचली. १९३२ साली मद्रासच्या म्युझिक अकादमीने 'भरतनाट्यम्' हे नाव स्वीकारले. आधीच्या वर्षी त्याच अकादमीच्या मंचावर कल्याणी नावाच्या देवदासीच्या दोन मुली नाचल्या होत्या, तेव्हा ते नृत्य 'सदिर' म्हणून ओळखले जात होते. प्रथा जाणे योग्यच होते. परंतु ज्या स्त्रियांनी ही कला सांभाळली त्यांच्या हातून ती निसटली, ही त्या सुधारणेची दुसरी बाजू आहे. रुक्मिणीदेवींनी शृंगाराला बाजूला सारले आणि बालसरस्वतींनी अखेरपर्यंत तो या कलेचा प्राण मानला. दोघीही थोर होत्या. आपण कोणाच्या बाजूला आहोत ते वर्णम् निवडताना ठरते, आणि इथे ते ताईंनी ठरवलेले आहे.

सरस्वती महाल :

धागाकर्त्या बाईंनी विचारलेले नाही, तरीही एक सुचवणी करतो. मराठी माणसाने अरंगेत्रम् करताना एक तरी मराठी रचना घ्यावी, आणि ती ओढूनताणून बसवलेले भावगीत असू नये, कारण भरतनाट्यम्‌च्या मूळ घरातच मराठी आहे.

व्यंकोजीराजांपासून तंजावरवर भोसल्यांचे राज्य होते. त्यांचे पुत्र शहाजीराजे यांनी तेलुगूत यक्षगाने लिहिली आणि मराठीत नाटकेही लिहिली. पुढे दुसरे सरफोजी, म्हणजे १७९८ ते १८३२ या काळातले राजे, यांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चौघे बंधू होते. आज सगळीकडे शिकवला जाणारा अलारिप्पू ते तिल्लाना हा क्रम त्यांनीच घोटला. याच सरफोजींनी नृत्यासाठी मराठी निरूपणे रचली. एक कथा घ्यायची आणि ती 'जय जय', 'शरणु', 'अलारु', 'शोल्लु', 'शब्द', 'वर्ण', 'पद' अशा एकामागून एक येणाऱ्या अठरा रचनांतून मंगळापर्यंत न्यायची, तीही एकाच रागात आणि एकाच तालात, अशी त्यांची बांधणी आहे. आजच्या मार्गम्‌मध्ये प्रत्येक रचनेचा राग आणि विषय वेगळा असतो. सरफोजींनी सबंध संध्याकाळ एकाच सूत्रात ओवण्याचा प्रयोग केला होता. त्यांनी 'देवेंद्र कुरवंजी' नावाचे मराठी नाटकही लिहिले, ज्यात भविष्य सांगणारी कुरवंजी चक्क जगाचा भूगोल सांगते. राजाला शिक्षणाची हौस होती, त्याचा हा पुरावा.

या निरूपणांच्या संहिता तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात होत्या. त्यांना नृत्यात पुन्हा उभे केले ते मुंबईच्या आचार्य पार्वतीकुमारांनी आणि त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी. सुचेताताईंनी पुढे हिंदुस्थानी रागसंगीतावर 'नृत्यगंगा' उभी केली, तो वेगळा विषय आहे. आपल्या ताईंची परंपरा त्या बाजूची असेल तर त्यांच्याकडे एखादा 'शब्द' नक्की असेल.

कथ्थकी :

जगाचा भूगोल सांगणारी कुरवंजी मला फार आवडली. असो. मृदंगवाल्यांचे वर्णम्‌बद्दलचे उत्तर पटले. आमच्याकडेही तबलजी समोर बसल्यावर जे होते ते यंत्राच्या नगम्यावर (ताल दाखवणाऱ्या धुनेवर) होत नाही. माझा आक्षेप मागे घेते.

अरमंडी :

सर्वांची मी आभारी आहे. ताईंना होकार दिला. सरफोजींचा एक 'शब्द' ताईंच्या गुरुभगिनीच्या वहीत सापडला; मोडी वळणाच्या अक्षरामुळे दोन शब्द लावायला आम्हाला एक रविवार गेला. नेहमीच्या शब्दम्‌च्या जागी तो घेणार आहोत. दमासाठी रोज पहाटे अलारिप्पू तीन गतींत सलग पाच वेळा करते. आणखी काही करावे का?

पायपट्टी :

करावे. मी स्वतः अडतिसाव्या वर्षी गुडघ्याची शिक्षा भोगली आहे, म्हणून लिहिते. अरमंडीत, म्हणजे अर्ध्या बैठकीत, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनेच उघडले पाहिजेत आणि ते वळण खुब्यातून आले पाहिजे. खुबा उघडत नसेल आणि तरीही पावले एकशे ऐंशी अंशांत ठेवण्याचा अट्टहास केला तर उरलेला पीळ गुडघ्यावर येतो. पावले थोडी कमी उघडा, पण बसणे सोडू नका. फरशीवर सराव टाळा. लाकडी जमीन नसेल तर निदान जाड सतरंजी घाला. दम वाढवायचा असेल तर वर्णम्‌चे तुकडे न करता ते आठवड्यातून दोनदा सबंध करा, आणि मधे अडखळलात तरी थांबू नका. बाकी वेळ चाला.

अरमंडी :

अकरा महिन्यांनंतर या धाग्यावर परत येते आहे. अरंगेत्रम् गेल्या शनिवारी झाले.

आधी खर्चिक पालकांसाठी लिहिते, कारण त्यांचा प्रतिसाद मी छापून ताईंना दाखवला होता. पोशाख एक होता. भाषण नव्हते, ताईंच्या गुरूंनी अलारिप्पूच्या आधी घुंगरांना हात लावून ते माझ्या हातात दिले, एवढाच विधी झाला. गायिका, मृदंग आणि व्हायोलिन या साथीदारांतले कोणीही दोन तासांच्या प्रवासापलीकडून आले नव्हते आणि नटुवांगम् (बोल म्हणत ताल धरणे) ताईंनी स्वतः केले. पत्रिका व्हॉट्सॲपवर गेली. तालमी मात्र तीन केल्या, आणि तिसरी नसती तर काय झाले असते याचा मी विचार करत नाही.

अलारिप्पू आणि जतिस्वरम् कसे झाले ते मला आठवत नाही. सरफोजींचा 'शब्द' सुरू झाल्यावर पहिल्याच ओळीला प्रेक्षागृहात हालचाल झाली, माझी आत्या शेजारणीला मोठ्याने म्हणाली, "अगं, हे मराठी आहे!" गायिकेने हसू दाबले ते मला रंगमंचावरून दिसले.

वर्णम्‌मध्ये तिसऱ्या जतीला (बोलांवरच्या नृत्ताच्या तुकड्याला) डाव्या पायाच्या पट्ट्याचे एक बक्कल सुटले. पट्टा निसटला नाही, पण घोट्यावर सरकू लागला. माझे लक्ष तिकडे गेले आणि शेवटच्या तीर्मानात (जतीच्या समारोपात) सुरुवातीचे ते एक अक्षर मी सोडलेच नाही. मृदंगवाल्यांनी लिहिले होते तसेच झाले : मी लवकर आले. ताईंचे बोल अजून संपायचे होते आणि मी शेवटच्या मुद्रेत पोहोचलेली होते. तिथेच, हात वर तसाच ठेवून, मी उभी राहिले. ताईंनी माझ्याकडे पाहिले नाही. बोल जिथे संपायचे तिथेच संपले, मृदंगावर थाप पडली, आणि गायिकेने त्यागेशाला विचारलेली ती ओळ सुरू केली. एकदा, दोनदा, मग तिसऱ्यांदा, दर वेळी थोडी वेगळी. तिसऱ्या वेळेपर्यंत माझा श्वास जागेवर आला होता आणि पट्टा घोट्याखाली जाऊन बसला होता. चौथ्या वेळी मी त्यागेशाकडे वळले. मला आलेला राग त्या क्षणी पट्ट्याचा होता, पण तो त्याच्यावरच निघाला.

मृदंगवाला :

वर्णन वाचून बरे वाटले. ती ओळ एकूण किती वेळा म्हटली?

अरमंडी :

ताई म्हणतात सात, गायिका म्हणते नऊ.

खर्चिक पालक :

अभिनंदन. आपला अनुभव मुलीला पाठवला होता. तिने काही उत्तर दिले नाही, मात्र काल घरी आली तेव्हा घुंगरू कुठे आहेत असे विचारले. माळ्यावरून काढले. घुंगरू चांगले आहेत, पण चामड्याचे पट्टे वाळून कडक झाले आहेत आणि वाकवले की तडे जातात. त्यांना तेल लावावे की नवे पट्टे घ्यावेत?

अरमंडी :

तेल लावू नका, तडे गेलेला पट्टा नाचताना तुटतो. पट्टे नवे घ्या आणि घुंगरू तेच, एकेक करून, दुहेरी दोऱ्याने त्यावर शिवून घ्या. बक्कल मात्र आधी ओढून पाहा.